रंग स्टेन्सिलखाली का झिरपतो?

पत्र : मी दर शनिवारी ७ ते ११ वर्षांच्या बारा मुलांचा हस्तकलेचा वर्ग घेते. मागच्या वेळी सुती पिशव्यांवर स्टेन्सिलने छपाई करून घेतली. जाड ड्रॉइंग पेपरची स्टेन्सिलं मीच कापून दिली होती, रंग पोस्टर कलर होते. जवळजवळ प्रत्येक छापाच्या कडा फुटल्या. दोन-तीन छापांनंतर कागदाचा लगदा झाला. ज्यांना स्वतःचं नाव छापायचं होतं त्यांच्या अक्षरांमधले गोल गळून पडले. आणि पिशव्या एकदा धुतल्यावर होतं तेही गेलं. मुलं फार हिरमुसली. ही मुलं या कामासाठी लहान आहेत का? त्यांच्या हातात कटर द्यावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

उपक्रम सोडू नका. ७ वर्षांच्या मुलाला स्वच्छ कडेचा छाप जमतो, अगदी पहिल्या-दुसऱ्या तासाला जमतो. तुम्ही लिहिलेल्या अडचणींपैकी तीन निव्वळ साहित्याच्या आहेत आणि साहित्य बदललं की सुटतील. चौथी, कडा फुटण्याची, शिकवण्याने सुटते आणि तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : स्पंजावर गरजेपेक्षा जास्त रंग. म्हणून नक्षी, रंगसंगती, मांडणी हे सगळं थोडं मागे ठेवा आणि मुलांना सर्वांत आधी स्पंजावर रंग किती घ्यायचा तेवढंच शिकवा. ते एकदा हातात बसलं की बाकीचं मुलं भराभर उचलतात.

आधी साहित्य पाहू. पोस्टर कलरमध्ये रंगाची पूड धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे तो कितीही दिवस वाळवा, वरून इस्त्री फिरवा, धुण्यात जाणारच. कापडासाठीचे पाण्यात मिसळणारे फॅब्रिक कलर घ्या. त्यांच्यातलं अॅक्रिलिक वाळताना पातळ, लवचीक थर होऊन धाग्यांना धरून बसतं. वर्गात साधे अॅक्रिलिक रंग पडून असतील तर त्यात फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर लवचीक ठेवणारं द्रव) मिसळून वापरता येतात. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, बहुधा २ भाग रंगाला १ भाग मीडियम. मीडियम न घालता वापरलं तर रंग टिकतो, पण कापड तेवढ्या भागात कडक होतं आणि घडीवर तडे जातात. गडद कापडावर छापायचं असेल तर बाटलीवर 'अपारदर्शक' लिहिलेलं आहे ना ते पाहा, कारण साधा पिवळा निळ्या पिशवीवर दिसतच नाही. पहिल्या वर्गाला पांढरं किंवा फिकं कापडच बरं.

रंगात पाणी घालू नका, एक थेंबसुद्धा नाही. चमचा तिरका केल्यावर रंग जड होऊन हळूहळू घसरला पाहिजे. धार लागून ओघळला तर तो स्टेन्सिलसाठी पातळ आहे. तळहाताएवढ्या नक्षीला अर्धा चहाचा चमचा, म्हणजे २ ते ३ मिली रंग पुरतो. बारा मुलं, प्रत्येकी एक सराव आणि दोन छाप असा हिशेब केला तर सगळे रंग मिळून ११० मिली पुष्कळ झाले. बशीत एका वेळी अर्धा चमचाच काढा. बशी भरलेली दिसली की मूल स्पंज बुडवणार, त्याला कितीही सांगितलं तरी.

कापड सुती, घट्ट आणि सपाट विणीचं असावं. नव्या कापडाला खळ असते. ती धुवून काढली नाही तर रंग धाग्याला न धरता खळीवर बसतो आणि खळीबरोबर निघून जातो. म्हणून आधी धुवा, कापड मऊ करणारं द्रव त्या धुण्यात घालू नका, आणि वाळल्यावर कडक इस्त्री करा. चुणी असेल तिथे स्टेन्सिल अधांतरी राहतं आणि रंग नेमका त्या फटीत शिरतो. पिशवी असो वा टी-शर्ट, आत पुठ्ठा सरकवायचाच, नाहीतर रंग मागच्या कापडावर उतरतो. पुठ्ठ्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली तर छाप पुठ्ठ्याला चिकटत नाही. टी-शर्टाचं कापड ताणलं जातं, तेव्हा पुठ्ठा आत जेमतेम सैलसर बसेल एवढाच कापा. ताणून छापलेली नक्षी पुठ्ठा काढल्यावर आक्रसते.

ड्रॉइंग पेपर पाणी पितो, फुगतो, त्याच्या कडेचे तंतू सुटतात आणि तेच तंतू रंग आत ओढून घेतात. त्याऐवजी पारदर्शक ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) शीट किंवा फाइलचं पातळ प्लास्टिकचं कव्हर वापरा. ते पुसता येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. फार जाड प्लास्टिक मात्र नको : ते कापताना हात घसरतो आणि छापाच्या कडेला रंगाचा जाड बांध साचतो. नक्षीभोवती चारही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर कोरी जागा सोडा. लहान मुलाचा स्पंज नक्षीबाहेर जातोच. तो कापडाऐवजी प्लास्टिकवर पडला म्हणजे झालं. चिकट पाठीचं प्लास्टिक हा दुसरा पर्याय. ते कापडाला घट्ट बसतं, खाली रंग जात नाही, पण एक-दोन छापांतच चिकटपणा संपतो. नावं छापायला ते उत्तम, कारण प्रत्येक नाव एकदाच छापायचं असतं.

नावांवरून तुमच्या गळून पडलेल्या गोलांकडे येऊ. स्टेन्सिलमध्ये कापलेला भाग म्हणजे रंग जाणारी जागा. तिच्या मधोमध कोरा राहायचा तुकडा सगळीकडून सुटला की त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. 'व' आणि 'ब'मधला गोल, 'ठ'चं आणि शून्याचं पोट हे तर उघडच दिसतं. पण 'प' आणि 'म' इथे हमखास फसायला होतं, कारण त्यांची पोकळी वरून शिरोरेषेने बंद होते. दोन काने शेजारी आले आणि खाली उकार जोडला गेला की आणखी तुकडे सुटायची शक्यता असते. यावर उपाय म्हणजे मधला तुकडा आणि बाहेरचा भाग यांना जोडणारे पूल. प्रत्येक सुट्या तुकड्याला किमान दोन पूल, शक्यतो समोरासमोर, आणि मुलांसाठी प्रत्येक पूल ४ ते ५ मिलिमीटर रुंद ठेवा. एकच पूल ठेवला तर तो तुकडा झुलतो आणि स्पंज लागताच वर उचलला जातो. शिरोरेषा दोन अक्षरांच्या मध्ये तोडली तर नावाचं स्टेन्सिल बरंच मजबूत होतं आणि वाचायलाही अडत नाही. अक्षरांची उंची निदान ४ सेंटिमीटर हवी. त्याहून लहान अक्षरात पुलांना जागाच उरत नाही.

कापायच्या आधी मुलांकडून एक तपासणी करून घ्या. कापायचा सगळा भाग पेन्सिलने गडद भरायचा आणि मग बोट कोऱ्या भागावर ठेवून कागदाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, गडद भाग न ओलांडता नेता येतं का ते पाहायचं. जिथून बोटाला बाहेर पडायला वाट नाही, तो तुकडा गळणार. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि स्टेन्सिलचं सगळं गणित त्यात येतं. चिकट प्लास्टिक वापरलंत तर पुलांचीही गरज नाही, मधला तुकडा वेगळा कापून जागेवर चिकटवता येतो.

ही अडचण जुनीच आहे. जपानमध्ये कापडछपाईसाठी वापरली जाणारी 'कातागामी' स्टेन्सिलं तुतीच्या सालीचे कागद पर्सिमन फळाच्या रसाने एकावर एक चिकटवून बनवत. हा रस वाळला की कागद पाण्याला दाद देत नाही. नक्षी फार नाजूक असेल आणि पूल दिसायला नको असतील, तेव्हा कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे बसवून सुटे तुकडे धरून ठेवत. पुढे धाग्यांऐवजी रेशमी जाळी आली. वर्गातल्या मोठ्या मुलांना हे जरूर सांगा. पूल ही तडजोड नसून नक्षीचाच भाग असतो, हे त्यांना त्यावरून पटकन पटतं आणि ती पुलांच्या जागा विचार करून ठरवू लागतात.

आता कटर. ७ ते ९ वर्षांच्या मुलांच्या हातात नको. त्यांना त्याची गरजही पडत नाही. एक-दोन छापांपुरता कागद दुमडून घडीवर अर्धी नक्षी कात्रीने कापली की उघडल्यावर सलग, दोन्ही बाजूंनी सारखं स्टेन्सिल तयार होतं : पान, फुलपाखरू, मासा, चंद्र. बारीक ठिपक्यांसाठी कागदाला भोकं पाडायचा पंच आहेच. कापून निघालेला तुकडाही टाकू नका. तो कापडावर ठेवून त्याच्याभोवती रंग थापला की उलटा छाप मिळतो, मधली आकृती कोरी आणि भोवती रंग. एकाच कापणीत दोन तऱ्हांचे छाप मिळतात आणि लहानग्यांना हा उलटा छाप सुलट्यापेक्षा सोपा जातो, कारण त्यात कड सांभाळायची काळजी कमी.

१० वर्षांच्या पुढच्या मुलाला कटर द्यायचा तर एका वेळी एकालाच, शेजारी एक मोठं माणूस बसलेलं असताना. पातं नवं हवं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते सटकतं, आणि इजा तेव्हाच होते. खाली कटिंग मॅट, दुसरा हात पात्याच्या वाटेच्या मागे, कधीच पुढे नाही. एका दमात कापायचं नाही, त्याच रेषेवरून दोन-तीनदा हलके फिरवायचं. वळणावर मनगट वळवायचं नाही. कटर जागेवर ठेवून दुसऱ्या हाताने शीट फिरवायची. आधी आतले बारीक भाग कापायचे, मोठे शेवटी, म्हणजे शीट शेवटपर्यंत ताठ राहते.

यानंतर प्रत्यक्ष छपाई. इथे घाई करू नका. पहिला पूर्ण शनिवार कागद आणि चिंध्यांवरच जाऊ द्या, पिशवी दुसऱ्या शनिवारी.

भांडी घासायच्या साध्या, बारीक छिद्रांच्या स्पंजाचे ३ सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि प्रत्येक चौकोन कपड्याच्या चिमट्यात धरून द्या. मुलाची बोटं रंगात जात नाहीत आणि स्पंज आपोआप उभा धरला जातो. स्पंज कोरडा ठणठणीत हवा. एका रंगाला एक स्पंज, रंग बदलताना धुवून तोच वापरायचा नाही. धुतलेल्या स्पंजात पाणी राहतं आणि तुम्ही कटाक्षाने टाळलेलं पाणी मागच्या दाराने रंगात येतं. म्हणून स्पंज मुलांच्या संख्येच्या दुप्पट कापून ठेवा.

स्पंजाचा फक्त तळ रंगाला टेकवायचा. मग तो लगेच स्टेन्सिलवर न्यायचा नाही, आधी रद्दीच्या कागदावर सहा-सात वेळा थापायचा. पहिला ठसा चकचकीत, सलग डाग असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात रंग कमी होतो. ज्या ठशात स्पंजाची छिद्रं स्वच्छ दिसू लागतील आणि कागद ओला चमकणार नाही, तिथे स्पंज छपाईला तयार झाला. मुलांना कानानेही ओळखता येतं : रंग जास्त असेल तर स्पंज उचलताना 'चप्' असा चिकट आवाज येतो, योग्य असेल तर नुसतं 'टप् टप्'. पहिल्या शनिवारी प्रत्येकाने एका कागदावर असे ठसे काढावेत आणि आपला 'तयार' ठसा कोणता त्याला गोल करावा. इतकं मन लावून केलं तर पुढचं बरंचसं काम इथेच झालं.

स्टेन्सिल कापडावर ठेवून चारही बाजूंनी मास्किंग टेपने पक्कं करा. स्पंज सरळ वर-खाली थापायचा, पुसल्यासारखा फिरवायचा नाही. फिरवला की तो रंग ढकलत कडेखाली नेतो. सुरुवात स्टेन्सिलच्या प्लास्टिकवरून करायची आणि कडेवरून आत नक्षीच्या मध्याकडे यायचं. दुसऱ्या हाताचं बोट किंवा बोथट पेन्सिल पुलावर दाबून धरली तर तिथली कड नीट येते. पहिला थर फिका, ठिपक्याठिपक्यांचा दिसेल, आणि मूल लगेच म्हणेल, 'दिसतच नाहीये', आणि जास्त रंग घ्यायला धावेल. तिथे थांबवा. दोन मिनिटं जाऊ द्या आणि तसाच पातळ दुसरा थर द्या. दोन पातळ थरांचा रंग एका जाड थरापेक्षा गडद आणि सारखा दिसतो, आणि कडही सुटत नाही.

स्टेन्सिल उचलणं हे या वयात मोठ्या माणसाच्या मदतीने करायचं काम. दुसरा थर देऊन झाला की लगेच टेप काढा, एका बाजूची कड मुलाने बोटांनी दाबून धरावी आणि तुम्ही दुसरी बाजू सरळ वर उचलावी. सरकवत काढलं तर ओला रंग फरफटतो. रंग पूर्ण वाळेपर्यंत प्लास्टिक तसंच ठेवलं तर रंगाचा पापुद्रा कडेला चिकटून निघतो. दुसऱ्या मुलाला देण्याआधी स्टेन्सिलची खालची बाजू ओलसर फडक्याने पुसून कोरडी करा. वरची राहिली तरी चालेल.

काही छाप तरीही बिघडतील. ते बाजूला टाकू नका, मुलांसोबत वाचा, कारण प्रत्येक डाग स्वतःचं कारण सांगतो. सगळीकडून सारखी जाड झालेली कड म्हणजे रंग जास्त. कडेपासून धाग्यांच्या दिशेने बारीक केस फुटलेले दिसले तर पाणी : ओला स्पंज किंवा पातळ रंग. एकाच बाजूची कड फुटली असेल तर स्पंज त्या दिशेने फिरवला गेला, नाहीतर तिथली टेप सुटली. एका कडेला दोन रेषा दिसल्या तर स्टेन्सिल मध्येच हललं. नक्षीपासून लांब, कोऱ्या जागेत उमटलेला पुसट डाग हा आधीच्या छापाचा स्टेन्सिलखाली राहिलेला रंग. आणि मधे एखादी फिकी पट्टी राहिली तर तिथे खाली शिवण किंवा चुणी होती. नऊ-दहा वर्षांची मुलं हे निदान स्वतः करतात आणि पुढच्या छापाला स्वतःच दुरुस्ती करतात. तुम्ही सांगून होणाऱ्या दुरुस्तीपेक्षा ती पक्की असते.

फुटलेली कड खोडता येत नाही. पण रंग वाळल्यावर पेन्सिलच्या मागच्या रबराने त्या कडेच्या बाहेरून ठिपक्यांची रांग छापली तर डाग ठिपक्यांत जिरतो. त्यासाठी मूळ रंगाहून गडद रंग घ्या. पिशवी वाया गेली असं मुलाला वाटू न देणं इथे फार महत्त्वाचं आहे.

छापलेलं कापड सपाट ठेवून पूर्ण २४ तास वाळू द्या. तुमचा वर्ग आठवड्याने भरतो, तेव्हा पुढच्या शनिवारी इस्त्री करा, ती तुम्ही करा. वाफ बंद, इस्त्री सुती कापडाच्या तापमानावर. छापावर पातळ सुती फडकं टाकून किंवा कापड उलटं करून इस्त्री ३ ते ५ मिनिटं हळूहळू फिरवत राहा, एका जागी ठेवू नका. वापरलेल्या रंगाच्या बाटलीवर वेगळा वेळ दिला असेल तर तोच पाळा. उष्णतेने अॅक्रिलिकचा थर आणखी घट्ट जुळून येतो आणि धुण्याला टिकतो. नंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने छाप हलका घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा इस्त्री. पहिलं धुणं तीन दिवसांनी, उलटं करून, थंड पाण्यात, हाताने, घासायचा ब्रश न वापरता. मुलांच्या घरी ही सूचना चिठ्ठीवर लिहून पाठवा, नाहीतर पिशवी त्याच संध्याकाळी बादलीत जाईल.

मुलांच्या अंगावरच्या कपड्यांना मात्र हाच पक्केपणा नडतो. ओला असेपर्यंत रंग थंड पाणी आणि साबणाने जातो, वाळल्यावर जात नाही. एप्रन किंवा जुना मोठा शर्ट उलटा घालायला सांगा, आणि एक ओलं फडकं टेबलावर कायम हाताशी ठेवा. स्पंज आणि बशा धुण्याआधी रंग कागदाने पुसून काढा, म्हणजे तो नळाच्या पाइपात जाऊन बसणार नाही.

बारा मुलांना तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर चौघे आणि एकच रंग, अशी मांडणी केलीत तर रंग मिसळत नाहीत. मुलांनी रंगाकडे जायचं, रंगाने मुलांकडे नाही. एकट्याने बारा मुलं सांभाळताना स्टेन्सिल उचलायला तुमची वाट पाहावी लागते आणि तेवढ्यात रंग वाळतो, म्हणून त्या दिवशी मदतीला आणखी एक मोठं माणूस असू द्या.

दोन रंगांची नक्षी तिसऱ्या शनिवारी घ्या. दोन रंगांना दोन स्टेन्सिलं, दोन्ही शीट अगदी एका मापाच्या, आणि दोन्हींच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पंचने एकाच जागी भोक. पहिलं स्टेन्सिल लावायच्या आधी कापडावर त्या भोकांखाली येतील असे मास्किंग टेपचे दोन तुकडे चिकटवा आणि भोकातून टेपवर पेनाने खूण करा. पहिला रंग वाळला की दुसऱ्या स्टेन्सिलची भोकं त्याच खुणांवर बसवायची. शेवटी टेप खुणांसकट निघून येते. पहिला रंग हाताला कोरडा लागेपर्यंत दुसरं स्टेन्सिल ठेवू नका, आणि दोन आकार एकमेकांवर २ मिलिमीटर चढतील असे कापा, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी मधे पांढरी फट राहत नाही.